सगळे डावे एकच का? कॉम्रेडपासून माओवाद्यापर्यंतचे शब्द, माणसं आणि त्यांची भांडणं

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या खर्चावरून जुंपली. तळमजल्यावरचे एक निवृत्त काका म्हणाले, ज्यांनी दोन फ्लॅट जोडून एक केलाय त्यांनी पाण्याचे पैसे जास्त भरावेत. अर्ध्या तासात काकांना चार पदव्या मिळाल्या: कॉम्रेड, समाजवादी, माओवादी आणि अर्बन नक्षल. काका रोज पहाटे शाखेत जातात, आणि ती बँकेची शाखा नव्हे.

ग्रुपवरचं हसण्यावारी नेता येतं. पण जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं तेव्हा ‘कडवे डावे’ हा शब्द कायद्याच्या भाषेत आला. ‘कडवा कुठे सुरू होतो आणि नुसता डावा कुठे संपतो’ यावर त्या वेळी बरीच वादावादी झाली. तेव्हापासून मला दोन-तीन जणांनी विचारलं, की हे सगळे एकच ना? लेनिन, माओ, ग्राम्शी, भाकप, माकप, नक्षलवादी?

नाहीत. आणि ते वेगळे का झाले हे समजायला जाडजूड ग्रंथ लागत नाहीत. एक धागा धरून ठेवला की पुरे: मार्क्सने जिथे क्रांती होईल असं सांगितलं होतं तिथे ती झालीच नाही. त्याच्या नंतरचं प्रत्येक मोठं नाव म्हणजे ‘मग असं का झालं?’ या प्रश्नाचं एकेक उत्तर आहे. उत्तरं जुळली नाहीत, म्हणून पक्ष फुटले.

‘डावे’ हे नाव बसण्याच्या जागेवरून

१७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाचे अधिकार कमी करा म्हणणारे अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसू लागले, राजाची बाजू घेणारे उजव्या हाताला. तेवढीच या शब्दाची कुळकथा. मार्क्स तेव्हा जन्मलाही नव्हता. म्हणजे प्रत्येक मार्क्सवादी डावा असला तरी प्रत्येक डावा मार्क्सवादी नसतो.

मार्क्स नेमकं काय म्हणत होता?

कार्ल मार्क्स १८१८ चा, जर्मनीतल्या ट्रियर गावचा. लिखाणापायी देशोदेशीच्या सरकारांनी हाकललं, शेवटी लंडनमध्ये राहिला आणि १८८३ मध्ये तिथेच वारला. त्याचा मित्र फ्रेडरिक एंगल्स याच्या वडिलांची मँचेस्टरला सूतगिरणीत भागीदारी होती. एंगल्स तिथे काम करायचा आणि त्या पैशांतून मार्क्सचं घर चालायला हातभार लागायचा. भांडवलशाहीवरची सर्वात गाजलेली टीका काही अंशी गिरणीच्या नफ्यावर लिहिली गेली, ही गंमत त्या दोघांनाही ठाऊक असणार.

दोघांनी मिळून १८४८ मध्ये कम्युनिस्ट जाहीरनामा काढला, तो एक छोटी पुस्तिका आहे. ‘भांडवल’ हा थोरला ग्रंथ. त्याचा पहिला खंड १८६७ चा, पुढचे दोन मार्क्स गेल्यावर एंगल्सने कागदपत्रांच्या ढिगाऱ्यातून तयार केले. या सगळ्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे: बाजारात प्रत्येक जण वस्तूची रास्त किंमत देत-घेत असेल, कुणी कुणाला फसवत नसेल, तर मग नफा येतो कुठून?

समजा, एका शर्टाच्या कारखान्यात एक कारागीर बारा तास मशीनवर बसतो. कापड, दोरा, बटणं, वीज, मशीनची झीज, सगळं वजा केलं. तरी त्याच्या हातातून गेल्यामुळे दिवसाला १,२०० रुपयांची भर पडली. म्हणजे तासाला शंभर. मजुरी ठरलीय ५००. हिशोब बघा: पहिल्या पाच तासांत त्याने आपली मजुरी भरून काढली, उरलेले सात तास तो मालकासाठी शिवतोय. त्या सात तासांच्या ७०० रुपयांना मार्क्स ‘वरकड मूल्य’ म्हणतो. जागेचं भाडं, सावकाराचं व्याज, मालकाचा नफा, सगळं या सातशेतून जातं.

इथे फसवणूक कुठे आहे? मार्क्सचं उत्तर: कुठेच नाही, आणि हेच तर खरं दुखणं आहे. कारागीर आपलं काम विकत नाही, आपली दिवसभराची ताकद विकतो. शेतकऱ्याने एका दिवसासाठी बैल भाड्याने आणला तर भाडं वैरणीच्या आणि बैल सांभाळायच्या खर्चाकडे बघून ठरतं, किती एकर नांगरून होईल त्यावर नाही. बैल जेवढं नांगरेल ते भाड्याने घेणाऱ्याचं. माणसाचंही तसंच: मजुरी म्हणजे त्याला आणि त्याच्या पोराबाळांना जगवून उद्या परत कामावर उभं करायचा खर्च. आज तो जे निर्माण करतो ते त्याहून जास्त असतं, आणि तो फरक ज्याच्याकडे मशीन आहे त्याच्याकडे जातो.

या मशीन, जमीन, खाण, कारखान्यांना ‘उत्पादनाची साधनं’ म्हणायचं. ती ज्यांच्याकडे आहेत ते भांडवलदार. जाहीरनाम्यात त्यांना ‘बूर्झ्वा’ हा फ्रेंच शब्द आहे. ज्यांच्याकडे विकायला स्वतःच्या ताकदीशिवाय काही नाही ते ‘सर्वहारा’. दोघांच्या मध्ये किराणा दुकानदार, स्वतःच्या दोन मशीनवर स्वतःच बसणारा शिंपी. या मधल्याला ‘पेटी बूर्झ्वा’ म्हणतात. मराठी कॉम्रेड मंडळी एकमेकांना शिवी म्हणून जो शब्द वापरत तो हाच.

सातशेचा आकडा वाढवायचा तर मालकाला दोन वाटा आहेत. एक, बाराचे चौदा तास करा. दोन, तेवढ्याच तासांत जास्त काम घ्या. मुंबईच्या गिरण्यांत १९२८ मध्ये दुसरी वाट धरली गेली. साचे खात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, जो दोन माग सांभाळत होता त्याने आता तीन सांभाळायचे. त्यावरून एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते, आणि त्या संपातूनच लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन उभी राहिली. वरकड मूल्य हा शब्द त्यातल्या बहुतेकांनी ऐकलाही नसेल. तिसरा माग म्हणजे काय हे मात्र त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण मालकाने पैसा घातला, जोखीम घेतली, त्याचं काय?

हा आक्षेप रास्त आहे. मार्क्स म्हणेल, मालक स्वतः देखरेख करतो, हिशोब बघतो, तर ते काम आहे, त्याचा मोबदला त्याला मिळू दे. प्रश्न आहे तो निव्वळ मालकी आहे म्हणून मिळणाऱ्या हिश्श्याचा. आणि तो जो पैसा घालतो, तो आला कुठून? कालच्या सातशेंतूनच ना?

यावर अर्थशास्त्रज्ञांचं उत्तर असं, की वस्तूची किंमत तीत किती श्रम ओतले यावर ठरतच नाही, घेणाऱ्याला तिची किती गरज आहे यावर ठरते. बारा तास खपून कुणालाही नको असलेला शर्ट शिवला तर त्याची किंमत शून्य. १८७० च्या दशकापासून अर्थशास्त्र याच वाटेने गेलं, आणि आजचे बहुतेक अर्थशास्त्रज्ञ मार्क्सचा श्रमाचा हिशोब जसाच्या तसा मानत नाहीत. हे मार्क्सप्रेमी लेखांत बहुधा गाळलेलं असतं, म्हणून इथे मुद्दाम सांगितलं. माझ्यापुरतं म्हणाल तर किमतीचा सिद्धांत बाजूला ठेवला तरी तिसरा माग लावायचा की नाही हे कोण ठरवणार, हा प्रश्न जागच्या जागी राहतो.

दुसरा नेहमीचा आक्षेप: ‘म्हणजे माझा फ्लॅट, माझी स्कूटर सरकारजमा करणार?’ मार्क्सचा रोख वापरायच्या वस्तूंवर नव्हता, ज्या मालमत्तेच्या जोरावर दुसऱ्याला राबवता येतं तिच्यावर होता. तुमची स्कूटर सुटली. तुमच्या दहा रिक्षा भाड्याने चालत असतील तर मात्र चर्चा करावी लागेल.

पाया आणि इमला

मार्क्सची दुसरी मोठी कल्पना इतिहासाबद्दल आहे. माणसं पोट कसं भरतात, कोण राबतं आणि साधनं कुणाकडे असतात, हा समाजाचा पाया. कायदा, राज्य, धर्म, नीतिकल्पना हा त्यावरचा इमला. पाया हलला की इमल्याला तडे जातात. यालाच ‘ऐतिहासिक भौतिकवाद’ असं भारदस्त नाव आहे.

‘धर्म ही अफूची गोळी’ हे वाक्य सगळ्यांना येतं. त्याच्या आधी मार्क्सने धर्माला पिचलेल्या जिवाचा उसासा आणि निर्दय जगाचं हृदयही म्हटलंय, ते मात्र कुणी सांगत नाही. त्या काळात अफू हे दुखणं थांबवायचं औषधही होतं.

मार्क्स भारताबद्दलही लिहीत होता, न्यूयॉर्कच्या एका दैनिकासाठी. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली आणि त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये बसून त्याने लिहिलं, की इंग्रज स्वतःच्या कापसासाठी रेल्वे टाकतायत, पण तिच्यामागून इथे कारखाने येणारच. पुढच्याच वर्षी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची जुळवाजुळव सुरू झाली. ही भविष्यवाणी बरोबर आली. त्याच रेल्वेने जातीची वंशपरंपरागत कामंही मोडून पडतील, असंही त्याने त्याच लेखात म्हटलं होतं. त्याकडे पुढे येऊ.

मग क्रांती आली का नाही?

मार्क्सचा अंदाज असा: इंग्लंड-जर्मनीसारख्या कारखानदारीत पुढे गेलेल्या देशांत सर्वहारा वाढत जातील, एकाच छपराखाली काम करून संघटित होतील आणि सत्ता घेतील. १८९० च्या दशकापर्यंत जर्मनीत कामगारांचा प्रचंड मोठा पक्ष उभा राहिला, मतंही मिळू लागली. क्रांतीचा मात्र पत्ता नाही. इथून पुढे ती भांडणं.

पहिलं उत्तर एडवर्ड बर्नस्टाइनचं. हा एंगल्सच्या विश्वासातला माणूस. तो म्हणाला, कामगारांची स्थिती सुधारतेय, मतदानाचा हक्क वाढतोय, तर संसदेतून एकेक कायदा करून घेत पुढे जाऊ. त्याला ‘सुधारणावादी’ म्हणून हिणवलं गेलं, आणि युरोपातल्या कल्याणकारी राज्यांनी पुढे वाट धरली ती बरीचशी त्याचीच.

त्याला सर्वात धारदार उत्तर दिलं रोझा लक्झेंबर्गने. मूळची पोलंडची, पण त्याच जर्मन पक्षात काम करणारी ही बाई सुधारणा आणि क्रांती यांची गल्लत करू नका म्हणून बर्नस्टाइनवर तुटून पडली. १९१४ च्या ऑगस्टमध्ये तिच्याच पक्षाने कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, युद्धखर्चाला संसदेत मतं दिली. ‘जगातल्या कामगारांनो, एक व्हा’ म्हणणारे एकमेकांवर गोळ्या झाडायला खंदकात उतरले. जानेवारी १९१९ मध्ये बर्लिनमध्ये रोझाची हत्या झाली, तेव्हा सरकारही तिच्याच जुन्या पक्षाचं होतं.

आणि तिसरं उत्तर लेनिनचं.

लेनिन: पक्ष आणि साखळी

व्लादिमीर लेनिन म्हणाला, कामगार आपला आपण फक्त पगारवाढीपर्यंत पोचतो, सत्तेपर्यंत नाही. त्यासाठी पूर्णवेळ, शिस्तबद्ध, भूमिगत राहू शकणाऱ्या कार्यकर्त्यांचा पक्ष हवा. १९०३ च्या रशियन पक्षाच्या अधिवेशनात यावरूनच फूट पडली: सभासद कुणाला म्हणायचं? लेनिनला राबणारा कार्यकर्ता हवा होता, त्याच पक्षातल्या मार्तोव्हला सहानुभूतीदारही चालत होते. गंमत म्हणजे या कलमावर लेनिन हरला. पुढे काही प्रतिनिधी सभात्याग करून गेल्यावर दुसऱ्या मतदानात त्याचा गट वरचढ ठरला आणि त्याने लगेच स्वतःला ‘बोल्शेविक’, म्हणजे बहुमतवाले, म्हणवून घेतलं. बिचारे ‘मेन्शेविक’, अल्पमतवाले, हे नाव आयुष्यभर मिरवत राहिले. नाव आधी बळकावावं, हे राजकारणातलं ज्ञान तेव्हापासूनचं.

क्रांती पश्चिमेत का अडली, यावर त्याचं उत्तर होतं साम्राज्यवाद. युरोपातले भांडवलदार वसाहतींतून जो नफा ओरपतात त्यातला तुकडा घरच्या वरच्या थरातल्या कामगारांना मिळतो, म्हणून ते शांत. सगळं जग ही एक साखळी आहे आणि साखळी तुटते ती जाड कडीपाशी नाही, कच्च्या कडीपाशी. त्याच्या मते कच्ची कडी होती रशिया. नोव्हेंबर १९१७ मध्ये (तिथल्या जुन्या पंचांगाप्रमाणे ऑक्टोबर) ती तुटली.

आता ‘सर्वहारांची हुकूमशाही’ या बदनाम शब्दाकडे. मार्क्सने तो वापरलाय, पण मोजक्या ठिकाणी. सध्याचं राज्य म्हणजे मूठभरांची हुकूमशाहीच आहे, त्याऐवजी मधल्या काळात बहुसंख्यांचं राज्य यावं, असा त्याचा अर्थ. नमुना म्हणून एंगल्सने १८७१ च्या पॅरिस कम्यूनकडे बोट दाखवलं. कामगारांनी चालवलेली ती सत्ता जेमतेम ७२ दिवस टिकली. तिथे प्रतिनिधी निवडून येत, पसंत नसले तर परत बोलावता येत आणि पगार कामगाराएवढाच घेत. रशियात मात्र सर्वहारांच्या नावाने पक्ष बसला. जानेवारी १९१८ मध्ये निवडून आलेली घटनासभा, जीत बोल्शेविकांना बहुमत नव्हतं, एका बैठकीनंतर बरखास्त झाली. तुरुंगातून रोझा लक्झेंबर्गने तेव्हाच बजावलं होतं, की स्वातंत्र्य म्हणजे वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य. क्रांतीच्या बाजूने उभं राहून केलेली ही टीका मला आजही सगळ्यात जड वाटते.

ट्रॉट्स्की, स्टालिन आणि मेलेल्यांचा हिशोब

रशियातली सत्ता टिकणार कशी? लाल सेना बांधणारा लिऑन ट्रॉट्स्की म्हणत होता, मागासलेल्या देशात कामगारांनी सत्ता घेतली तरी ती तगायला जर्मनीसारख्या देशांतही क्रांती व्हावी लागेल, मध्ये थांबून चालणार नाही. याला ‘निरंतर क्रांती’ म्हणतात. जोसेफ स्टालिन म्हणाला, बाहेरची वाट बघू नका, एकाच देशात समाजवाद उभा करू. १९२४ मध्ये लेनिन गेल्यावर स्टालिन जिंकला. ट्रॉट्स्की हद्दपार झाला आणि १९४० मध्ये मेक्सिकोत स्टालिनच्या हस्तकाने त्याचा जीव घेतला. ‘ट्रॉट्स्कीवादी’ आणि ‘स्टालिनवादी’ या शिव्या इथून निघाल्या.

एकाच देशात, तेही घाईने, कारखाने उभे करायचे तर भांडवल कुठून आणायचं? शेतकऱ्याकडून. सक्तीच्या सामुदायिक शेतीपाठोपाठ १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली, युक्रेनमध्ये सर्वात जास्त. १९३७-३८ या दोन वर्षांत सोव्हिएत दप्तरातल्याच नोंदींप्रमाणे सुमारे ६ लाख ८० हजार लोकांना मृत्युदंड झाला. त्यात १९१७ चे जुने बोल्शेविकही होते.

‘पण हा खरा मार्क्सवाद नव्हताच’ हे उत्तर हमखास येतं. निम्मं खरं आहे: मार्क्सने गुप्त पोलिसांची योजना लिहून ठेवलेली नाही. पण विरोधकाला वर्गशत्रू ठरवून बाजूला काढण्याची मोकळीक, आणि सत्ता हातात आलेल्या पक्षावर अंकुश कुणाचा याबद्दलचं मौन, हे दोन्ही त्या विचारात होतं. तेवढं मान्य न करणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

ग्राम्शी: सासूची गरजच नाही

इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचा पुढारी अंतोनिओ ग्राम्शी १९२६ मध्ये मुसोलिनीच्या तुरुंगात गेला आणि तिथल्या वह्यांमध्ये लिहीत राहिला. प्रश्न तोच: पश्चिमेत क्रांती का झाली नाही? त्याचं उत्तर माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोगी आहे, मार्क्सवादी नसलेल्यालाही.

जुन्या घरातली सून आठवा. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, हे ती करते ते काही सासू लाटणं घेऊन मागे उभी आहे म्हणून नाही. घरंदाज बाई अशीच असते हे तिलाही पटलेलं असतं. सासू गावी गेली तरी ती तसंच वागते, आणि उद्या स्वतःच्या सुनेला तेच शिकवते. राज्यकर्त्या वर्गाची सत्ता अशीच चालते, असं ग्राम्शी म्हणतो. पोलीस आणि लष्कर शेवटच्या कडीला. त्याआधी शाळा, वर्तमानपत्रं, देऊळ-चर्च, म्हणी, घरातलं वळण यांतून त्यांची जगाकडे बघायची तऱ्हा सगळ्यांनाच ‘साधी अक्कल’ वाटू लागते. मराठीत याला ‘धुरीणत्व’ म्हणतात. म्हणून राजवाडा काबीज करून भागत नाही, विचारांच्या आघाडीवर खंदक खणून वर्षानुवर्षं लढावं लागतं. हल्ली उजवीकडची मंडळीही ग्राम्शीचं नाव घेतात, कुणी शिव्या द्यायला, कुणी शिकायला.

माओ: पोत्यातले बटाटे उठले

मार्क्सने फ्रान्समधल्या शेतकऱ्यांना पोत्यातल्या बटाट्यांची उपमा दिली होती: एकत्र असतात, पण एकमेकांना चिकटलेले नसतात, वर्ग म्हणून उभे राहू शकत नाहीत. चीनमध्ये कारखाने थोडे आणि शेतकरी अफाट. माओ झेडाँगने १९२७ मध्येच लिहिलं, की क्रांती करतील ते शेतकरीच. आधी खेडी हातात घ्यायची आणि शेवटी शहरांना वेढायचं. १९४९ मध्ये हे जमलं. नंतर शेती आणि कारखाने एका दमात वाढवायच्या ‘मोठ्या झेपे’च्या हट्टातून पडलेल्या दुष्काळात, १९५८ ते १९६२ या काळात, मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून चार कोटींच्या पुढे जातात.

आता आपल्याकडची नावं लावून बघा. भारतीय कम्युनिस्ट पक्ष आपला जन्म १९२५ च्या कानपूर परिषदेपासून मोजतो. १९६४ मध्ये तो फुटला. काँग्रेसशी जमवून घ्यायचं का, आणि रशिया व चीन यांच्या भांडणात कुठे उभं राहायचं, हे मुद्दे. जुना तो भाकप, नवा तो मार्क्सवादी, म्हणजे माकप. १९६७ मध्ये दार्जिलिंग जिल्ह्यातल्या नक्षलबाडीत शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि निवडणुका झुगारून माओच्या वाटेने जाऊ म्हणणारे माकपमधून बाहेर पडले. १९६९ मध्ये त्यांनी ‘मार्क्सवादी-लेनिनवादी’ म्हणजे ‘माले’ पक्ष काढला. त्याचीही पुढे शकलं झाली, काही गट पुन्हा निवडणुकीत उतरले. सशस्त्र राहिलेल्या दोन मोठ्या गटांनी २००४ मध्ये एकत्र येऊन भाकप (माओवादी) स्थापला. गडचिरोलीच्या बातम्यांत येतो तो हा, आणि त्याच्यावर २००९ पासून केंद्राची बंदी आहे.

उलट केरळात १९५७ मध्ये कम्युनिस्ट मतपेटीतून सत्तेवर आले. आपल्याकडे डहाणूतून २०२४ मध्येही माकपचा आमदार निवडून आला. निवडणूक लढवणारा आणि निवडणुकीवर बहिष्कार घालणारा, दोघांच्या भिंतीवर मार्क्स-लेनिनचे फोटो असतात. तेवढ्यावरून दोघांना एकाच पोत्यात घालायचं तर पोतं फार मोठं लागेल.

आणि समाजवादी?

त्यांची भट्टीच वेगळी. १९३४ मध्ये काँग्रेसच्या पोटात निघालेला समाजवादी गट, एसेम जोशी, ना. ग. गोरे, राष्ट्र सेवा दल, ही मंडळी मार्क्स वाचलेली होती, पण त्यांना रशिया नको होता आणि गांधी हवे होते. १९४२ मध्ये ती भूमिगत होऊन ‘चले जाव’ लढवत होती तेव्हा कम्युनिस्ट त्या महायुद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हणून पाठिंबा देत होते, कारण हिटलरने रशियावर हल्ला केला होता. हा सल इतका खोल होता, की संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत एसेम आणि कम्युनिस्ट पुढारी डांगे एका व्यासपीठावर बसले याचंच लोकांना नवल वाटलं.

धाग्याला तोंड लावायचं कुणी?

मार्क्सने म्हटलं होतं, रेल्वे आणि कारखाने जात मोडतील. गिरणीत काय झालं ते बघा. साचे खात्यात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालून धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडाशी. म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्य कामगाराला या खात्यात येऊ देत नसत. आणि चांगला पगार होता तो याच खात्यात. अस्पृश्य कामगार बहुतेक कमी पगाराच्या सूतखात्यात. मालक एक, भोंगा एक, शोषण एक, आणि तरी कामगार दोन.

डॉ. आंबेडकरांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना जाब विचारला तो यावरून: तिसऱ्या मागासाठी संप करता, मग आमच्या माणसाला पहिल्या मागावर तरी कुठे बसू देता? १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला. १९३६ मध्ये त्यांनी लिहिलं, की जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरले. म्हणजे भांडण होतं, पण कायमचं वैर नव्हतं. १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला त्यांनी बुद्ध आणि मार्क्स समोरासमोर ठेवले: दुःख आणि शोषण दोघांनाही दिसलं, पण मार्क्सची हिंसेची आणि हुकूमशाहीची वाट मला मान्य नाही.

कॉम्रेडांचा जुना पवित्रा होता, की जात हा इमला आहे, पाया बदलला की कोसळेल. धुळ्याचे शरद पाटील हे मानायला तयार नव्हते. १९७८ मध्ये माकप सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्ससोबत फुले व आंबेडकर यांना बसवलं. जात हा इथल्या समाजाचा पायाच आहे, वर्ग तिच्यात गुंतलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. ‘क्रांती का आली नाही’ या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेलं हे उत्तर आहे, आणि आपल्या अभ्यासक्रमांत ग्राम्शीला मिळते तेवढी जागाही त्याला मिळत नाही.

जाता जाता: मुंबईत कामगार संघटना मार्क्सने आणली हेही खरं नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्येच गिरणी कामगारांची सभा भरवली होती. १८९० पासून मिळालेली रविवारची सुट्टी त्याच चळवळीची.

आता गिरण्याच नाहीत, मग हे कशाला?

परवा रात्री जेवण घेऊन आलेल्या मुलाला जिन्यात थांबवून मी विचारलं, पगार किती? म्हणाला, पगार नसतो काका, मी पार्टनर आहे. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाइल त्याचा. म्हणजे उत्पादनाची साधनं त्याचीच. जुन्या व्याख्येप्रमाणे हा पेटी बूर्झ्वा झाला. पण कोणती ऑर्डर कुणाला जाणार, किलोमीटरला किती मिळणार, कधी त्याचं खातं बंद होणार, हे ठरवणारं ॲप त्याचं नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतली ‘गिग कामगार’ची व्याख्याच अशी आहे, की नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करतो तो.

गिरणीत कामावर घेणारा आणि काढणारा जॉबर असायचा. तो दस्तुरी, म्हणजे लाच, खायचा, पण त्याला तोंड होतं, त्याच्या घरी जाऊन भांडता यायचं. दाराशी रोज सकाळी बदली कामगार उभे असायचे, कुणी आला नाही तर त्याच्या जागी लागायला. मी विचारलं, तुम्ही सगळ्यांनी एक दिवस बंद केलं तर? तो हसला. मोबाइलवर बोट ठेवून म्हणाला, मी लॉग-आउट झालो की ऑर्डर पुढच्या गल्लीतल्याला जाते, आणि त्याला मी ओळखतही नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेला.